आमच्या साडूंच्या कंपनीवरचा दावा

कोर्टाचं समन्स हातात पडल्यावर पेढे आणवणारा माणूस सगळ्या नागपुरात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. बेलिफाने कागद पुढे केला, सही घेतली आणि तो मोटारसायकलला किक मारणार, एवढ्यात साडूंनी त्याला थांबवून बाकावर बसवलं, माठातलं पाणी दिलं, कोपऱ्यावरून पेढे आणवले आणि पहिला पेढा त्याच्याच हातावर ठेवला. बेलिफ बिचारा घाबरला. लोकांनी तोंडावर दार लावलेलं त्याला माहीत होतं, कुत्री अंगावर सोडलेली माहीत होती, 'मालक गावाले गेले' असं खुद्द मालकानेच सांगितलेलंही माहीत होतं. पेढा माहीत नव्हता. "साहेब, तुमच्यावर केस झाली हाये," तो चाचरत म्हणाला. साडूंनी कागदावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. "माह्यावर नाही गा, कंपनीवर! वाच ना. इतकी वर्सं मी सांगून राहिलो का ही कंपनी हाये, पण घरच्यांनीबी कधी मानलं नाही. आता कोर्टानं मानलं!"

ही कंपनी म्हणजे जरीपटक्याच्या बाजारामागची एक पत्र्याची शेड. तिथे कूलर तयार होतात. घरगुती खिडकीतल्या कूलरपासून लग्नाच्या हॉलला लागणाऱ्या भल्याथोरल्या धुडांपर्यंत सगळे. साडूंचं घराणं मूळचं उमरेडचं, विणकरांचं. वडिलांनी जन्मभर हातमागावर लुगडी विणली. साडूंनी माग सोडला, पण कूलरच्या ताट्यांत गवत भरताना ते आजही असे काही तल्लीन होतात, की पाहणाऱ्याला वाटावं, आता याला पदर काढणार. शेडवरच्या पाटीवर शेडपेक्षा लांब असं 'इंडस्ट्रीज'चं नाव आहे. फोन वाजला की ते 'हॅलो' म्हणत नाहीत. "कंपनी बोलून राहिली," म्हणतात. माझ्या बायकोने एकदा थोरल्या बहिणीला, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींना, फोन लावला तर पलीकडून भारदस्त आवाज आला, "कंपनी बोलून राहिली. ताई आंघोळीले गेल्या."

नागपूरचा मे महिना ज्यांनी अंगावर काढला आहे त्यांना मी जे सांगणार आहे ते पटणार नाही, पण आमचे साडू मे महिन्यात कानटोपी घालतात. दिवसभर नव्या कूलरपुढे बसून त्याचा गारवा तपासायचा, हा त्यांचा स्वतःकडे राखून ठेवलेला विभाग. रस्त्यावरचं डांबर वितळत असतं, माणसं डोक्याला दुपट्टे गुंडाळून सावली शोधत असतात आणि हा गृहस्थ कानटोपी, मफलर आणि बाह्यांचा स्वेटर अशा थाटात शेडमधून शिंकत बाहेर येतो. एका उन्हाळ्यात एका नव्या डॉक्टरने त्यांचं हे ध्यान पाहून थंडीतापाचं औषध लिहून दिलं. साडूंनी डॉक्टरांना कूलर विकला.

बोलण्याचं तर विचारूच नका. राँग नंबर लागला तर लोक फोन ठेवतात. हे चौकशीला सुरुवात करतात. भंडाऱ्याकडच्या कोणा अनोळखी माणसाने चुकून यांना फोन लावला, तर यांनी त्याच्या मुलीच्या परीक्षेपर्यंत सगळं विचारून घेतलं आणि निकालाच्या दिवशी आपणहून फोन करून "पोट्टी पास झाली ना?" असं विचारलं. विकलेल्या कूलरांबद्दल त्यांची भावना दिल्या घरच्या लेकींसारखी. एप्रिल लागला की गिऱ्हाइकांच्या घरी न बोलावता जायचं, कूलरच्या पत्र्याला कान लावायचा आणि "तब्येत बरी हाये," म्हणून चहा न घेता निघायचं. न घेता म्हणजे पहिला न घेता. आग्रहाचा दुसरा ते घेतात. एकदा रस्त्याने जाताना एका घरातल्या कूलरची घरघर ऐकून ते सरळ आत शिरले. आत मुलगी पाहण्याचा कार्यक्रम चालला होता. दोन्हीकडच्या मंडळींना हे समोरच्या पक्षाचे काका वाटले. काकांनी पंख्याचा नट आवळला, मुलाला नोकरीविषयी दोन प्रश्न विचारले आणि पोहे खाऊन परत आले.

तर अशा माणसावर दावा झाला. आणि तोही त्यांच्या जुन्या स्नेह्याने, सावनेरच्या पाटलांनी केला.

पाटील मूळचे कापूस पिकवणारे. रस्त्यालगतच्या शेताच्या तुकड्यावर त्यांनी मोठ्या हौसेने मंगल कार्यालय बांधलं. तिथले सगळे कूलर साडूंच्या शेडमधले. आणि त्या कार्यालयातलं पहिलंच लग्न पाटलांच्या स्वतःच्या मुलीचं. मुहूर्त भर उन्हाळ्यातला. सजावटवाल्याने काय केलं, तर हॉलच्या सगळ्या खिडक्या झालरीच्या कापडाने वरपासून खालपर्यंत झाकून टाकल्या. आता कूलरचं साधं गणित असं, की आत जेवढी हवा येते तेवढी बाहेर जायला वाट लागते. ती वाट बंद झाली की कूलर गारवा देत नाही, वाफ देतो. त्या दिवशी हॉलमध्ये माणसं शिजली. मुलाचे आजोबा मंगलाष्टकं चालू असताना भोवळ येऊन पडले, पंगत अर्ध्यावर उठली, वऱ्हाडी मंडळी टोमणे मारत गाडीत बसली. पाटील साडूंना फोन करून करून थकले. फोन बंद होता.

पुढचे काही आठवडे पाटील आणि साडू एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि मग ते समन्स आलं. हॉलची अब्रू गेली, ठरलेली लग्नं रद्द झाली, त्याची भरपाई द्या, असा दावा.

पेढ्यांची गोष्ट ऐकून मी हसत हसत त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ताईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. "हसू नका बाप्पा, तुम्ही तरी हसू नका," त्या म्हणाल्या. "माणूस रात्रभर डोळे उघडे ठेवून राहते. बेलिफाले पाहून भेले होते ते. हाताले काहीतरी काम पाहिजे म्हून पेढे आणवले. मले का समजत नाही?"

भीती खरी होती. आठ दिवसांच्या आत बाजारात बातमी फिरली. एका दुकानदाराने दिलेली ऑर्डर थांबवली. शेडमधले दोन कारागीर दुसरीकडे चौकशी करू लागले. दाव्याची रक्कम पाहता शेड विकावी लागेल, हे साडू बोलले नाहीत, पण शेडवरची पाटी शेवटची वाचून घेतल्यासारखे तिच्यापुढे उभे राहायला लागले. त्यात सल्ले देणारे जमले. कोणी म्हणालं, तारखेला जाऊच नका, प्रकरण आपोआप थंड होते. कोणी म्हणालं, उलट आपणच पाटलावर अब्रुनुकसानीचा ठोका. आणि एका जाणत्या हितचिंतकाने सगळ्यात गोड सल्ला दिला: खिडक्या उघड्या ठेवा अशी सूचना आम्ही आधीच दिली होती, असा एक कागद मागच्या तारखेचा करून टाका.

हा तिसरा सल्ला घेऊन साडू एका दुपारी माझ्याकडे आले. त्या दिवशी कानटोपी नव्हती. "बापू," ते मला म्हणाले. सासरच्या रिवाजाप्रमाणे धाकटा जावई म्हणून मी बापू. "एक सही मागच्या तारखेची केली, तर काय होते?"

मी काही बोलण्याआधीच ते पुढे बोलू लागले. "मी तर करीन सही. पण कोर्ट माह्या मेकॅनिकले बी विचारीन ना, का बाबा, तू हा कागद पाटलाले देला होता काय? मंग त्याले खोटं बोला लागन. साधा माणूस हाये तो, मले मालक म्हणते. माह्यापायी त्याच्या तोंडात मी खोटं घालू काय?" आणि उठता उठता, "खरं सांगू का, सूचना देलीच नव्हती आम्ही. मी सोता जाऊन हॉल पाहणार होतो. नाही गेलो."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना माझ्या ओळखीच्या एका वकीलबाईंकडे घेऊन गेलो. बाई मोजकं बोलणाऱ्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांनी समन्स आधी नीट वाचलं, जबाब द्यायची मुदत कधी संपते ते पाहिलं आणि मग एकेक करून सांगितलं. मुदत पाळायची. हॉलच्या कामाचं बिल, पावत्या, फोनवरचे निरोप, जे असेल ते सगळं जसंच्या तसं आणून द्यायचं. त्यातलं काही पुसायचं नाही, नवं काही बनवायचं नाही. मागच्या तारखेच्या कागदाचं नाव निघताच त्यांनी पेन खाली ठेवलं. "असा कागद या टेबलावर आला, तर मी त्याच टेबलावर वकीलपत्र परत ठेवीन." साडू लगेच म्हणाले, "नाही बाई, तो विचार मी कालच सोडून देला." "छान. आता शेवटचं. पाटलांशी, त्यांच्या माणसांशी, बाजारात, फोनवर, या केसबद्दल कोणाशीही बोलायचं नाही. एकदम गप्प बसायचं. जमेल ना?"

आतापर्यंतच्या सगळ्या अटी साडूंनी मान हलवून मान्य केल्या होत्या. इथे मात्र ते माझ्याकडे असे पाहू लागले, जसं काही बाईंनी त्यांना श्वास न घ्यायला सांगितलं होतं.

लेखी जबाबाचं पहिलं कच्चं टिपण साडूंनी स्वतःच्या हाताने लिहून आणलं. त्याची सुरुवात 'सप्रेम नमस्कार, विनंती विशेष' अशी होती. पुढे पाटलांच्या गुडघेदुखीची चौकशी. मग उमरेडला आपला जन्म कसा झाला, वडिलांचा माग कुठल्या खोलीत होता, पहिला कूलर कोणाला विकला, असं करत करत कितीतरी पानांनंतर सावनेर आलं. वकीलबाईंनी ते सगळं न हसता वाचलं. मग एकेक पान बाजूला ठेवत गेल्या. शेवटी त्यांच्या हातात एक पान उरलं. "जबाब हा आहे," त्या म्हणाल्या. "आणि गुडघा?" साडूंनी विचारलं. "गुडघा प्रकरणात येत नाही."

हे सगळं बरं चाललं होतं, तोच घात झाला. एका संध्याकाळी पाटलांचा नुसता फोटो मोबाईलवर दिसला आणि साडूंना राहवलं नाही. त्यांनी पाटलांना बोलून निरोप पाठवला, लांबलचक. त्यात माझंच चुकलं होतं, मी यायले पाहिजे होतो, तुमची पोरगी ते माही पोरगी, असं सगळं होतं. पाटलांच्या वकिलाला हे आयतंच मिळालं. पुढच्या तारखेला तो निरोप कागदावर उतरून, सहीशिक्क्यानिशी, प्रतिवादीची कबुली म्हणून दाखल झाला.

वकीलबाईंचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा तेव्हा ऐकला. "तुम्ही चांगले आहात, हे मला कळतं. पण चांगुलपणाने बोललेली अर्धी गोष्ट कोर्टात पूर्ण गुन्ह्यासारखी वाचली जाते! सजावटवाल्याने खिडक्या झाकल्या, हे त्यात कुठे आहे? सगळा दोष तुम्ही एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसलात. तुमच्या शेडमध्ये काम करणाऱ्यांचं काय?"  घरी आल्यावर ताईंनी त्यांचा मोबाईल काढून घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. त्यानंतर बरेच दिवस ताई तांदूळ काढायला गेल्या, की डबा बोलायचा.

केस पुढे सरकत होती, वर्ष उलटून गेलं. एका तारखेला न्यायाधीशांनी दोन्ही पक्षांना विचारलं, मध्यस्थीला बसता का? वकीलबाईंनी लगेच होकार दिला आणि बाहेर ओवरीत येऊन साडूंना समजावलं, "तिथे एक मध्यस्थ असतील. त्या खोलीत जे बोललं जातं ते पुढे कोर्टात वापरता येत नाही. आता तुम्हाला परवानगी आहे. काय बोलायचं ते बोला."

नात्यातला माणूस म्हणून मीही त्या खोलीत कोपऱ्यात बसलो होतो. एक टेबल, वर पंखा, टेबलाच्या एका बाजूला पाटील, एका बाजूला आम्ही. मध्यस्थांनी साडूंना बोलायला सांगितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा आमच्या साडूंच्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. वकीलबाई त्यांच्याकडे पाहू लागल्या. शेवटी ते एवढंच म्हणाले, "पाटील, पोरगी कशी हाये?"

पाटील खिडकीकडे पाहत राहिले. "बरी हाये," ते म्हणाले. "सासरी पहिलं वरीस टोमणे खाल्ले तिनं." मग त्यांचाच बांध फुटला. "तुमच्या कूलरासाठी मी केस नाही टाकली. माणसं पडून राहिली होती, मी घामानं भिजून तुम्हाले फोन लावून राहिलो, लावून राहिलो. लग्नाची पत्रिका मी तुम्हाले सोता आणून देली होती. तुम्ही आले नाही. मंग फोनबी नाही. मले वाटलं, माल विकला, आता आपल्याले ओळखत नाही हा माणूस. एक फोन केला असता ना, तर मी कोर्टाची पायरीबी पाहिली नसती."

"कुहीले होतो, आत्याच्या गावाले," साडू हळू म्हणाले. "सकाळी माह्या आत्येभावाची बातमी आली. शेतातच गेला बिचारा, उन्हानं. जावं लागलं. फोन बंद पडला, पण तिकडे फोन कोणाले सुचते? संध्याकाळी मेकॅनिकनं सगळं सांगतलं. मंग मले तुमचा नंबर लावाची हिंमतच नाही झाली. काय म्हणू? रोज ठरवो, आज लावतो. जितके दिवस जात, तितकं भेव वाढे."

"काहून नाही सांगतलं तुम्ही, मयत होती म्हून?" पाटलांचा आवाज एकदम उतरला.

"तुमच्या घरी लग्न, अन् मी मयतीचं कसं सांगू गा?"

मध्यस्थांनी चष्मा काढून पुसला. पाटलांच्या वकिलाने घड्याळ पाहायचं सोडून दिलं. त्यानंतर जे बोलणं झालं ते बरंच व्यवहाराचं आणि बरंच लांब झालं, आणि त्यात वकीलबाईंनी एकही वाक्य सैल सोडलं नाही. खिडक्यांच्या बाबतीत दोष सजावटवाल्याचा आणि सूचना न देण्याचा दोष कंपनीचा, असं दोन्ही बाजूंनी मान्य केलं. हॉलच्या भिंतींत हवा बाहेर फेकणारे मोठे पंखे कंपनीने आपल्या खर्चाने बसवायचे, नुकसानीचा काही भाग सोसवेल अशा हप्त्यांनी द्यायचा, आणि उन्हाळ्यातल्या प्रत्येक लग्नाच्या आदल्या दिवशी कंपनीचा माणूस हॉल पाहून येणार. साडू म्हणाले, "कागद कशाले, जबान हाये ना." तेव्हा वकीलबाई आणि पाटील दोघंही एकाच वेळी म्हणाले, "कागद पाहिजे!" तिथे पहिल्यांदा सगळे हसले. सह्या झाल्या. जिन्यावरून उतरताना पाटलांचा गुडघा दुखत होता, म्हणून साडूंनी त्यांना हात दिला. गुडघा शेवटी प्रकरणात आलाच.

जुनी मैत्री जशीच्या तशी परत आली, असं मी म्हणणार नाही. पूर्वी पाटील हुरड्याला बोलवायचे तेव्हा साडू चार माणसं जास्तीची घेऊन जायचे. आता एकटे जातात आणि लवकर परत येतात. पण जातात. शेड उभी आहे. चौकशी करू लागलेले कारागीर कुठे गेले नाहीत. आता प्रत्येक मोठ्या कामासोबत खिडक्यांविषयीची छापील सूचना जाते, आणि गिऱ्हाईक ती मोठ्याने वाचून दाखवेपर्यंत साडू दारातून हलत नाहीत.

बाजारात मात्र त्यांचा लौकिक भलत्याच दिशेने वाढला. आसपासच्या छोट्या दुकानदारांना, कारखानदारांना कसली नोटीस आली, की ते पांढऱ्या चेहऱ्याने या शेडमध्ये येतात. साडू त्यांना कायदा सांगत नाहीत. त्यासाठी ते वकीलबाईंचा पत्ता देतात. ते आधी पाणी देतात. मग "जेवला काय?" विचारतात. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे बसलो असताना कुहीकडची एक तरुण बाई आली. घरगुती मसाल्यांची तिची छोटीशी कंपनी, हाताखाली गावातल्याच काही बाया. डब्यावरच्या नावावरून कोणा मोठ्या कंपनीने तिच्यावर दावा केला होता. कागद तिने पदरात गुंडाळून आणला होता.

"बस वं माय," साडू म्हणाले. "कागद घेतला ना? चांगलं केलं. तो परत करायचा नसते. मुदत पाहून वकिलाकडे जा. त्या कंपनीले रागानं फोन करू नको, अन् प्रेमानं तर बिलकुल करू नको."

ती थोडी हसली. मग विचारलं, "काका, केस हारली तर?"

"तर डब्यावरचं नाव बदलशील. मसाला तर तुह्याच हातचा राहीन ना? हारलं तरी सकाळी उठून कुलूप उघडता येते, हे मले तवा कोणी सांगतलं नव्हतं. म्हून तुले सांगून राहिलो." आणि ती निघाली, तेव्हा तिला थांबवून म्हणाले, "तारीख कवाची हाये? मी येतो. पहिल्या तारखेले एकट्यानं जाऊ नये."

मला त्याच सुमारास वारसाच्या दाखल्यासाठी कोर्टात जावं लागलं होतं. ओवरीतून जाताना मला ते दोघं दिसले. गर्दीत, भिंतीला टेकलेल्या बाकावर, ती आणि तिच्या शेजारी आमचे साडू. केस बरेच पांढरे झालेले, चेहरा उन्हाने रापलेला. हाक मारावी असं वाटलं, पण मी मारली नाही. तेवढ्यात आतून तिच्या नावाचा पुकारा झाला. ती दचकून उठली. आणि जणू आपलंच नाव पुकारलं गेलं आहे, असे आमचे साडूही बाकाचा आधार घेत, सावकाश, तिच्यासोबत उठून उभे राहिले.